कुसुमची कर्ण्यावरची उमेदवारी

कुसुम ओव्हाळ आता चिंचवडच्या एका साप्ताहिकात वार्ताहर आहे. तिच्या ओळखपत्रावर तसं छापलंय, आणि ते तिनं मला दोनदा दाखवलं, कारण पहिल्यांदा मी चष्मा घातला नव्हता. नोकरीच्या वेळी तिथल्या संपादकांनी विचारलं, याआधी उमेदवारी कुठे केली? ही म्हणाली, दत्तोबांच्या कर्ण्यावर. संपादक हसले म्हणे. हसू देत. त्यांचा पेपर आठवड्यातून एकदा निघतो, माझा कर्णा रोज वाजायचा.

दत्तोबा म्हणजे मी. लग्न, बारसं, सभा, काहीही असो, पिंपरीपासून रहाटणीपर्यंत लाऊडस्पीकर माझाच. रहाटणीच्या रस्त्याला आमची वस्ती. सगळी कंपनीतली माणसं. कुणी सिन्नरकडचं, कुणी बीडकडचं, कुणी कोकणातून आलेलं. लग्नसराई संपली की मशीन नुसतं धूळ खात पडायचं, म्हणून एकोणसत्तर साली मी दुकानाच्या छपरावर कर्णा कायमचा बांधला आणि रोज संध्याकाळी सहाला वस्तीच्या बातम्या द्यायला लागलो. उद्या पाणी किती वाजता, दवाखान्यात डॉक्टर कोणत्या वारी, कुणाची शेळी हरवली, कुणाच्या पोराला आय.टी.आय.ला जागा मिळाली. सहा ही वेळ अशासाठी, की तेव्हा नळाला पाणी यायचं आणि सगळी वस्ती एका जागी सापडायची. माझा आवाज आला की लोक नळाची तोटी बंद करून ऐकायचे, असं मी पाहुण्यांना सांगायचो. खरं सांगायचं तर तोटी फक्त दोन बातम्यांना बंद व्हायची, मयताच्या आणि पाण्याच्या. बाकी सगळं हंड्याच्या आवाजातच चालायचं.

माझा एक नियम होता. ज्या कर्ण्यावर चूक, त्याच कर्ण्यावर दुरुस्ती. तो मी दुकानाच्या पाटीवर निळ्या रंगात रंगवून घेतला होता. आजवर तो वापरायची वेळच आली नाही, हेही मी पाहुण्यांना सांगायचो.

अठ्ठ्याहत्तर सालच्या जूनमध्ये कुसुम दुकानात आली. एकोणीस वर्षांची, मॅट्रिक झालेली, हातात शंभर पानी वही.

"काका, मला बातम्या गोळा करायला शिकायचंय."

"त्यात शिकायचं काय असतं?" मी म्हणालो.

"मग परवा तुम्ही बबनरावांच्या पोरीचं बारसं सांगितलंत, ते चुकून कसं सांगितलंत? मुलगा झालाय त्यांना."

मी म्हटलं, उद्यापासून ये. जास्त बोलली असती तर शेजारच्या पानवाल्यानं ऐकलं असतं.

दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर तिचे वडील आले, साहेबराव ओव्हाळ. कंपनीत प्रेस मशीनवर होते. दुकानाची पायरी चढले नाहीत, रस्त्यातच उभे राहिले आणि तिथूनच बोलले.

"जयभीम, दत्तोबा. पोरीनं हट्ट धरलाय. दौंडचं स्थळ आलंय, त्यांना दसऱ्यापतूर थांबा म्हणून सांगितलंय. तवर तिला शिकू द्या. पर एक हाय. तुमच्या त्या कर्ण्यावरनं आमच्या नावाला पुन्यांदा डाग लागला, तर त्याच दिवशी पोरगी घरी. मग दसऱ्याचीबी वाट बघायची न्हाई."

'पुन्यांदा' का म्हणाले ते मला चांगलं ठाऊक होतं. एकाहत्तर साली कंपनीच्या गेटवर झडतीत एका जेवणाच्या डब्यात पितळेचे तुकडे सापडले. साहेबराव ओव्हाळांना धरलंय, असं मला कुणीतरी येऊन सांगितलं आणि त्याच संध्याकाळी सहाला मी ते कर्ण्यावर ठणकावून सांगितलं. डबा दुसऱ्याचाच होता. साहेबरावांना तासाभरात सोडलं, कंपनीच्या साहेबांनी त्यांची माफीही मागितली. पण तोवर माझ्या बातम्या होऊन गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मला कळलं, आणि मी पाण्याची वेळ सांगितली, शेळी सांगितली, ते मात्र सांगितलं नाही. चोरी पकडल्याची बातमी लोक ऐकतात, सुटल्याची कोण ऐकतो, असं मी मनाशी म्हणालो. आता कबूल करायला हरकत नाही, दुसऱ्या कुणाचं नाव असतं तर मी सांगण्याआधी एकदा तरी विचारून आलो असतो. ओव्हाळ म्हटल्यावर मला विचारावंसंच वाटलं नाही. पाटीवरचा नियम तेव्हाही तिथेच होता.

तर अशा माणसानं पोरगी माझ्याकडे पाठवली. का पाठवली, ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही.

कुसुमची उमेदवारी सुरू झाली आणि माझ्या डोक्याला ताप झाला. शेळी हरवली म्हणून जाईबाई आल्या. जाईबाई म्हणजे कुसुमची आईच, तरी ही वही उघडून विचारते, "शेवटी कुणी पाहिली? किती वाजता? कुठला कान फाटलेला?" जाईबाई म्हणाल्या, "अगं भवाने, आपलीच शेळी हाय, तुला ठाव न्हाई व्हय?" तर म्हणते, "मला ठाऊक आहे, वस्तीला नाही." वरच्या आळीत काही घरांत तिला उंबऱ्याच्या आत घेत नसत. ती पायरीवर उभी राहून वही लिहायची. मला वाईट वाटायचं. ती म्हणायची, "काका, पायरीवरनं घरातलंही ऐकू येतं आणि गल्लीतलंही. आत बसलेल्याला एकच कळतं." महिन्याभरात माझ्याकडे इतक्या बातम्या जमू लागल्या की सहाचे साडेसहा व्हायला लागले.

बोलायच्या बाबतीत मात्र ती कच्ची होती. पहिल्या दिवशी माईकसमोर उभी केली तर एकेक पाऊल मागे सरकत भिंतीला टेकली. मी माईक उचलून तिच्यामागे भिंतीपर्यंत गेलो. त्या दिवशीची बातमी वस्तीनं ऐकली ती एवढीच, "अगं बोल की, चावतोय का तो?"

दसऱ्याला महिना राहिला होता तेव्हाची गोष्ट. मी तिला कंपनीच्या गेटवर उभं राहायला शिकवलं होतं. साडेतीनला पहिली शिफ्ट सुटते, तेव्हा गेटवर उभं राहिलं की सगळी बातमी आपोआप चालत बाहेर येते. त्या बुधवारी ती धावत दुकानात आली. सकाळी अकराला मशीनवर एकाचा हात सापडला होता, दोन बोटं गेली, दवाखान्यात नेलंय. गेटवरच्या वॉचमननं दोन तास ताटकळत ठेवून तिला वही दाखवली होती. वहीत कार्डावरून नाव उतरवलेलं होतं, कोंडीराम, टोकन नंबर चारशे बारा.

कोंडीराम आमच्याच वस्तीतला, चिमाबाईंचा नवरा. कुसुम म्हणाली, "काका, मी एकदा त्यांच्या घरी जाऊन येते. चिमाबाईंना कर्ण्यावरनंच कळायला नको."

घड्याळात सहाला पाच मिनिटं होती. मशीन तापलं होतं.

"वहीत नाव आहे ना? शिक्क्याची वही आहे. अजून काय पाहिजे तुला? कंपनीनं तिला कधीच कळवलं असेल. बोल."

ती बोलली. या वेळी भिंतीला टेकली नाही. कोंडीराम यांच्या हाताला कंपनीत गंभीर दुखापत, दवाखान्यात दाखल. स्पष्ट, न अडखळता. नळाची तोटी बंद झाली. मला पोरीचा अभिमान वाटला, आणि माझाही.

बातम्या संपवून आम्ही कोंडीरामच्या घरी गेलो. निम्मी वस्ती दारात जमली होती. बायका चिमाबाईंना धरायला सरसावल्या होत्या, आणि चिमाबाई आत चुलीपुढे भाकरी थापत बसल्या होत्या. चेहरा पांढरा पडलेला, पण डोळ्यांत टिपूस नाही, हात चालू. बायका कुजबुजायला लागल्या. नवऱ्याची बोटं गेली आणि हिला भाकरीची पडलीय! तेवढ्यात दोन घरं सोडून पलीकडे कुणीतरी मोठ्यानं रडल्याचं ऐकू आलं. कंपनीतल्याच रंगरावची बायको, विमलबाई. आपल्या दारात बसून ऊर बडवत होती.

लोकांना वाटलं, शेजारधर्म. मलाही तेच वाटलं. कुसुमनं मात्र एकदा भाकरीकडे पाहिलं, एकदा विमलबाईंच्या दाराकडे पाहिलं, आणि माझी बाही ओढली.

"काका, नाव चुकलं. बोटं रंगरावांची गेलीत."

मग तिनं गर्दी पांगवली, दोघी बायकांना एका खोलीत बसवलं, आणि सगळं बाहेर आलं. आमच्या वस्तीत साखर उसनी घेतात तशी शिफ्टही उसनी घ्यायचे. कोंडीरामला बहिणीच्या पोराच्या जावळासाठी सिन्नरला जायचं होतं, रजा मिळाली नव्हती. रंगराव दुसऱ्या शिफ्टचा. तो सकाळी कोंडीरामचं कार्ड पंच करायचा, त्याच्या जागी पहिली शिफ्ट ओढायचा आणि मग आपली दुसरी. पुढं कधी रंगरावला गावी जायचं झालं की कोंडीराम तेच करणार. मुकादम हिंदुरावांना माहीत असायचं, पण कामाला माणूस मिळालं की ते बघायचे नाहीत. रोज सोळा तास उभं राहून तिसऱ्या दिवशी रंगरावचा डोळा लागला, आणि बोटं गेली ती कोंडीरामच्या नावानं. दवाखान्याच्या कागदावरही कोंडीरामच.

"खरं सांगितलं तर दोघांची नोकरी जाईल," चिमाबाई म्हणाल्या. "म्हून मी गप बसले. रडाया येईना, हसाया येईना."

"आन् न्हाई सांगितलं तर?" विमलबाई म्हणाल्या. "बोटं माझ्या मालकांची आन् इम्याचं पैसं दुसऱ्याच्या नावाचं. जन्मभर त्यांना कोन इचारनार?"

बाहेर आल्यावर मी कुसुमला म्हणालो, "दुरुस्ती द्यावी लागेल. उद्या सहाला. पाटीवर नियम आहे."

"काय सांगाल?"

"जे आहे ते. वहीत नाव चुकीचं होतं."

"म्हणजे कर्णा कंपनीच्या वहीकडे बोट दाखवणार. मग चौकशी बसेल, आणि चौकशी बसली की शिफ्टचं बाहेर येईल." तिनं वही मिटली. "मला उद्या दुपारपर्यंत वेळ द्या, काका. आणि तोवर तुम्ही काही बोलू नका. कर्ण्यावर नाही आणि पानाच्या टपरीवरही नाही."

एवढं कुणी मला कधी बजावलं नव्हतं. पण मी गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं कोंडीराम आला. नाक्यावरच त्याला कळलं की तो स्वतःच दवाखान्यात आहे. तो तसाच दवाखान्यात जाऊन रंगरावच्या पायाशी बसला. दुपारी कुसुम त्याला आणि दोघी बायकांना घेऊन हिंदुरावांच्या दारात गेली. मीही होतो, गप्प. हिंदुराव घामाघूम.

"वहीतलं मी बदलू शकतो गं," ते म्हणाले. "कोंडीरामचं चारशे बारा आणि रंगरावचं चारशे तेरा, ही कार्डं रॅकमध्ये शेजारीच असतात. कार्ड उचलताना चुकलं, रंगराव ओव्हरटाइमला आलेला, कोंडीराम बिनपगारी रजेवर, असं लिहीन. पण सगळ्या वस्तीनं कोंडीरामचं नाव ऐकलंय. ऑफिसातला शिपाईही याच वस्तीतला. कुणाच्या तरी चुकीनं ते नाव आलं असं व्हायला पाहिजे, आणि ती चूक कंपनीच्या बाहेरची पाहिजे. न्हाईतर मलाच विचारतील."

"बाहेरचीच आहे," कुसुम म्हणाली. "घरी न विचारता नाव सांगितलं. ती चूक आहेच की."

आणि तेव्हा मला दौंडचं स्थळ आठवलं. मी तिला रस्त्यात थांबवलं. "पोरी, तुझे वडील काय म्हणाले होते ते आठवतंय ना? आणि विचारायला तू निघाली होतीस, मी अडवलं तुला. माझं नाव घे."

हे मी बोललो, पण हळूच बोललो. ती नाही म्हणाली तर बरं, असंही आत कुठंतरी वाटत होतं. नऊ वर्षांची पाटी होती माझी.

"आवाज माझा होता, काका," ती म्हणाली आणि पुढं चालू लागली.

सहा वाजता ती माईकसमोर उभी राहिली. शब्द मला आजही पाठ आहेत. "कालच्या बातमीची दुरुस्ती. कोंडीराम सुखरूप आहेत. जखमी झाले ते रंगराव. बातमी देण्याआधी घरी जाऊन विचारायला हवं होतं, ते विचारलं नाही. ही चूक बातमी देणारीची आहे. तिचं नाव कुसुम साहेबराव ओव्हाळ." हेच तिनं तीनदा सांगितलं. मग उद्याच्या पाण्याची वेळ सांगितली, माईक बंद केला, वही पिशवीत घातली आणि घरी गेली.

शुक्रवारी हिंदुरावांनी वही दुरुस्त केली. दवाखान्याच्या कागदावर रंगरावचं नाव आलं. कोंडीरामच्या चार बिनपगारी रजा लागल्या, आणि रंगराव बरा होईस्तोवर त्याच्या घरचं पाणी कोंडीरामनं भरलं. सगळं जागच्या जागी बसलं, फक्त कुसुम दुकानात आली नाही. शनिवारीही नाही. पानवाला म्हणाला, दौंडची माणसं रविवारी यायचीत.

मी शनिवारी दुपारी ओव्हाळांच्या आळीत गेलो. नऊ वर्षं मी त्या आळीच्या बातम्या देत होतो, आळीत पाऊल पहिल्यांदाच टाकलं. साहेबराव बाजेवर बसले होते. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "साहेबराव, ती विचारायला निघाली होती. मी नको म्हणालो. चूक माझी आहे."

"ठाव हाय मला," ते म्हणाले. "ती घरी खोटं बोलत न्हाई. बसा."

मी बसलो. जाईबाईंनी चहा दिला. साहेबरावांनी आपला कप खाली ठेवला.

"सात वर्सं मी रोज सहाला नळावर उभा ऱ्हायलो, दत्तोबा. पयल्या दिवशी वाटलं आज सांगतील. दुसऱ्या दिवशी वाटलं आज. वरसभर वाटत व्हतं. लोक मला चोर म्हनत न्हाईत, समद्यांना ठाव हाय. पर कर्ण्यावर जे आलं ते कर्ण्यावरनं गेलंच न्हाई. ही पोरगी तवा बारा वर्सांची. माझ्यासंगं हंडा घेऊन उभी असायची. ती मला म्हनली, बाबा, मी मोठी झाले की तितं जाऊन बसंन. म्हून पाठवली तुमच्याकडं."

आतल्या खोलीच्या दारात कुसुम उभी होती. मला त्या घरात तोंड वर करून बसवेना. चहा मात्र मी संपवला, तेवढं तरी करायलाच हवं होतं.

"तिला आज दुकानात पाठवा," मी म्हणालो. "फक्त आज. मग तुम्ही म्हणाल तसं."

सहाला दहा मिनिटं असताना ती आली. मी माईक हातात घेतला. हजारो बातम्या दिल्या होत्या, पण त्या सगळ्या दुसऱ्यांच्या होत्या.

"नमस्कार," मी म्हणालो. "एकाहत्तर सालच्या एका बातमीची दुरुस्ती. साहेबराव ओव्हाळ यांच्या डब्यात पितळ सापडल्याचं आमच्याकडून चुकून..."

कुसुमनं माईकवर तळहात ठेवला.

"आमच्याकडून नाही, काका. कुणाकडून ते सांगा."

एकोणीस वर्षांची पोरगी, आणि मी पन्नाशीचा. राग आला. मग रागाला जायला जागाच उरली नाही. तिनं हात काढला आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. साहेबराव ओव्हाळ यांनी चोरी केली नव्हती. डबा त्यांचा नव्हता. त्यांना त्याच दिवशी सोडलं होतं. मला दुसऱ्या दिवशी कळलं होतं आणि मी सात वर्षं सांगितलं नाही. ही चूक माझी. माझं नाव दत्तोबा.

कुसुमनं तीन बोटं वर केली. मी तीनदा सांगितलं.

दुकानाच्या दारातून नळ दिसतो. रांगेत साहेबराव उभे होते, हंडा तोटीखाली लावलेला, पाणी जोरात चाललेलं. पहिल्यांदा मी नाव घेतलं तेव्हा त्यांनी मान वर केली नाही. दुसऱ्यांदा घेतलं तेव्हा त्यांनी हात पुढे केला आणि तोटी बंद केली. मागे रांगेतलं कुणीही लवकर भरा म्हणालं नाही.

दौंडच्या पाहुण्यांना रविवारी चहा-पोहे देऊन परत पाठवलं. कुसुम माझ्याकडे पुढं तीन वर्षं होती. आता कर्णा बंदच असतो. संध्याकाळी लोक टीव्हीसमोर बसतात आणि नळही घरोघरी आलेत. पाटी मात्र मी काढलेली नाही. मागच्या दिवाळीत कुसुम आली होती, तिनं निळा रंग आणला आणि नियमाखाली एक ओळ स्वतःच्या हातानं वाढवली: दुरुस्ती देणाऱ्याने आपले नाव सांगावे.